नोकरीतून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग: अर्जापूर्वीची तयारी

जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) करून दहा-बारा वर्षे वॉर्डात काढलेल्या परिचारिकेला पदवी घ्यायची असेल, तर चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग पहिल्यापासून करावे लागत नाही. तिच्यासाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात तो नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत चालतो. बारावी, जी.एन.एम. आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडील (नर्सिंग कौन्सिल) चालू नोंदणी या त्याच्या मूळ अटी.

भीती अभ्यासाची वाटते, पण घोडे अडते ते कागदांवर. दहावी-बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, सेवापुस्तक सासरच्या नावाचे आणि परिषदेच्या नोंदणीत तिसरेच काही, अशी अनेकींची स्थिती असते. त्यामुळे अर्जाच्या सहा महिने आधी सर्व कागद एका टेबलावर मांडून स्पेलिंगसकट ताडून पाहावेत आणि तफावत असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र व राजपत्रातील नावबदलाची प्रत तयार ठेवावी. वडिलांच्या नावातील एका जादा ‘ए’पायी माझे एक वर्ष वाया गेले आहे.

दुसरा प्रश्न रजेचा. नियमित अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे: भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार तासांना किमान 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाचे तास 100 टक्के भरावे लागतात. रात्रपाळी करून दिवसा कॉलेज करू, हा हिशेब कागदावरच जमतो. ‘हजेरीचे आम्ही बघून घेऊ’ असे सांगणाऱ्या संस्थेपासून तर चार हात दूरच राहावे. शासकीय सेवेतील अधिपरिचारिकांनी 1981च्या रजा नियमांतील अध्ययन रजेची चौकशी आस्थापना शाखेत आधी करावी, ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत द्यावा आणि नंतर किती वर्षे सेवा बंधनकारक राहील, हे बंधपत्र पूर्ण वाचूनच सही करावी. खाजगी रुग्णालयात अशी रजा क्वचितच मिळते. तिथे दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज आधी करावी लागते.

अभ्यासात पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र, तर दुसऱ्या वर्षी संशोधन व संख्याशास्त्र जड जाते. अनुभवी हातांना मात्र वेगळीच अडचण येते. राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेली नळी) फीड देताना रुग्णाचे डोके उंच ठेवणे आपल्या अंगवळणी पडलेले असते, परंतु उत्तरपत्रिकेत त्यामागचे कारण इंग्रजीत, नेमक्या शब्दांत लिहावे लागते, आणि तिथे पेन थबकते. त्यावर मला लागू पडलेला उपाय साधा होता: ड्युटी संपल्यावर त्या दिवशीच्या एकाच रुग्णाचा केअर प्लॅन, प्रत्येक कृतीपुढे कारण देऊन, दोनशे पानी वहीत लिहायचा. पहिल्या आठवड्यात त्याला तास लागायचा. दिवाळीपर्यंत तो वीस मिनिटांत होऊ लागला.