सोलापूरहून गुलबर्ग्याला सूफी संत बंदेनवाजांच्या दर्ग्यात जाताय? या चुका टाळा

पहिली चूक घरातून निघतानाच होते. अक्कलकोट, गाणगापूर, गुलबर्गा, सगळं एका दिवसात! गाणगापूर रोड स्टेशनपासून देऊळच वीसेक किलोमीटर आत. दुपारच्या माधुकरीच्या गर्दीत अडकलात की दर्ग्यात पोचेपर्यंत अंधार पडतो. त्यापेक्षा सरळ सकाळची रेल्वे पकडा, दोनेक तासांत पोचाल. तिकीट शोधताना गुलबर्ग्याचं आताचं नाव ‘कलबुर्गी’ टाका.

गुरुवारी गर्दी असते, शुक्रवारी दुपारी नमाज. निवांत दर्शन हवं असेल तर हे दोन वार सोडा. उरूस जिल्काद या इस्लामी महिन्यात असतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर सुट्टी टाकू नका.

डोकं झाकायला टोपी विकतच घ्यायला हवी असं नाही. हातरुमाल चालतो, आजोबांची पांढरी टोपी तर उत्तमच. उंबऱ्यावर पाय न देता आत जायचं, निघताना मजारीकडे, म्हणजे कबरीकडे, पाठ करायची नाही. बायकांनी कुठवर जायचं हे दारातल्या खादिमांना (दर्ग्याच्या सेवकांना) आधीच विचारा, आत शिरून वाद नको. घुमटाच्या आतलं आरशांचं काम बघून हात मोबाइलकडे जातोच, पण आधी परवानगी घ्या. आणि दुआ मागणाऱ्या माणसाचा फोटो तर नकोच.

गल्लीतले दुकानदार चादरीची टोपली हातात कोंबतात. भाव आधी विचारा. चादर सक्तीची नाही, मूठभर फुलंही पुरतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कुंकू लावलेल्या एखाद्या बाईला “तुम्ही इथं कशा?” असं विचारणं. तिच्या घरात नवस पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल, तिनं तुम्हाला खुलासा का द्यावा? तैमूरच्या स्वारीच्या सुमारास दिल्ली सोडून बंदेनवाज दक्षिणेत आले, फिरोजशहा बहमनीच्या काळात इथं स्थिरावले आणि 1422 मध्ये इथंच वारले. सहाशे वर्षं लोक येताहेत, त्यातले कितीतरी त्याच फेरीत गावातल्या लिंगायत संत शरणबसवेश्वराच्या देवळातही जातात. तुम्हीही जा. ‘ते आपलं, हे त्यांचं’ अशी वाटणी करून एकच ठिकाण बघून परतणारे मला तरी कळत नाहीत.

वेळ उरलाच तर किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद बघा. तिला मोकळं अंगण नाही, सगळी छताखाली आहे. उन्हाळ्यात गेलात तर दुपार तिच्यासाठीच ठेवा.