सेफिक्सिम देताना-घेताना या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर माझा सगळ्यात जास्त वेळ लहान मुलांच्या ड्राय सिरपवर जातो, आणि तो जायलाच हवा. सेफिक्सिम या अँटिबायोटिकच्या बाटलीत कोरडी पावडर असते, सोबत निर्जंतुक पाण्याची छोटी बाटली. घाईतले लोक म्हणतात, "द्या हो, घरी बघतो." घरी काय बघतात ते ऐका.

एक बाबा आदल्या दिवशी नेलेली बाटली संपली म्हणून दुसरी मागायला आले. बाटली ३० मिलीची, ५ मिलीत ५० मिग्रॅ औषध. मूल बारा किलोचं, चिठ्ठीवर ५ मिली दिवसातून दोनदा. म्हणजे बाटली तीन दिवस पुरायला हवी. खोदून विचारलं तेव्हा कळलं की बाटलीत पाणी घातलंच नव्हतं. दर वेळी चमचाभर पावडर वाटीत काढायची, पाण्यात कालवायची आणि पाजायची. तीन खेपांत बाटली रिकामी. अख्ख्या बाटलीत ३०० मिग्रॅ, म्हणजे प्रत्येक खेपेला ठरल्याच्या दुप्पट औषध त्या पोराच्या पोटात गेलं. जुलाब सुरू झाले होते. मी दुसरी बाटली दिली नाही, आधी डॉक्टरांना फोन लावून दिला. त्या बाबांना मी दोष देणार नाही. ज्याने ती बाटली एक शब्द न बोलता पिशवीत टाकली, त्याचा मला राग येतो.

माझी पद्धत अशी आहे. बाटली आधी तळहातावर आपटायची, म्हणजे तळाला चिकटलेली पावडर सुटी होते. निम्मं पाणी घालून जोरात हलवायचं. फेस खाली बसू द्यायचा. मग खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवायचं. फेसालाच पातळी समजलात तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. सोबतचं पाणी सांडलं तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी चालेल. कोमट पाणी किंवा दूध नको. तयार केल्याची तारीख मी लेबलवर पेनाने लिहितो. बहुतेक बाटल्यांवर सात दिवसांत वापरा असं असतं. उरलेलं पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही. प्रत्येक डोसआधी बाटली हलवायची आणि औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही, सोबतच्या झाकणाने किंवा सिरिंजने मोजायचं.

याच बाटलीतून आणखी एक चूक निघते. डॉक्टरांनी पाच दिवस लिहिलेले असतात, बाटली तिसऱ्या दिवशी संपते आणि घरच्यांना वाटतं कोर्स संपला. दुसरी बाटली आधीच घेऊन ठेवा, पण तिच्यात पाणी लागेल तेव्हाच घाला. ती घेताना ५ मिलीत ५० की १०० मिग्रॅ, हेही वाचा. दोन्ही बाटल्या दिसायला जवळजवळ सारख्याच असतात.

टायफॉइडमधली अधीरता ही माझी दुसरी दुखरी नस. सेफिक्सिम जिवाणूची पेशीभिंत बांधणारी प्रथिनं अडवतं. भिंत नीट बांधता आली नाही की वाढणारा जिवाणू फुटतो. पण टायफॉइडचा जिवाणू आपल्याच पेशींच्या आत लपून राहतो, म्हणून ताप हळूहळू उतरतो. चार ते सात दिवस लागणं नेहमीचं आहे. लोक मात्र तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतात. नवे डॉक्टर नवं अँटिबायोटिक लिहितात आणि नेमकं काय लागू पडलं हे कुणालाच कळत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाचं उलटं झालं. पाचव्या दिवशी ताप गेला, त्याने गोळ्या बंद केल्या. दोन-तीन आठवड्यांनी ताप परत आला आणि या वेळी सलाईन लावून दवाखान्यात पडून राहावं लागलं. परीक्षा बुडाली ती वेगळीच. टायफॉइडचा कोर्स बहुधा दोन आठवड्यांचा असतो आणि डोसही मोठा: मुलांना एरवी किलोमागे दिवसाला ८ मिग्रॅ, टायफॉइडमध्ये १५ ते २०. म्हणून शेजारच्या मुलाच्या घशासाठी लिहिलेला डोस इथे लावू नका. थांबायचं म्हणजे डोळे मिटून थांबायचं नाही. पोटात असह्य दुखलं, शौचातून रक्त गेलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर तडक रुग्णालय गाठा.

सर्दी-पडशाला हे औषध नको. विषाणूला पेशीभिंतच नसते.

गळू, पिकलेली जखम यांवरही मनाने घेऊ नका. त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर सेफिक्सिम कमजोर आहे. तिथे डॉक्टर बऱ्याचदा याच घराण्यातलं सेफालेक्सिन देतात. नाव सारखं वाटलं तरी काम वेगळं.

चिठ्ठी मागितली की चिडणाऱ्यांना एकच सांगणं: १ मार्च २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव आम्हाला नोंदवहीत लिहावं लागतं. ते योग्यच आहे.

सेफिक्सिम उपाशीपोटी किंवा जेवणानंतर, कसंही चालतं. याच घराण्यातल्या सेफुरॉक्सिम आणि सेफपोडॉक्सिमच्या गोळ्या मात्र जेवणानंतरच घ्या, त्या तशाच नीट शोषल्या जातात. त्याच घराण्यातलं सेफडिनिर आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. शौच लालसर झाली तर ती बहुधा या जोडीमुळे असते, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करा.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर सेफिक्सिम सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगा. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनने पूर्वी पुरळ, सूज, धाप असं काही झालं असेल तर तेही. अशा प्रत्येकाला हे औषध बंद असतं असं नाही, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, तुम्ही-मी नाही. गोळीनंतर ओठ सुजले किंवा श्वास लागला तर पुढची गोळी घेऊ नका, लगेच रुग्णालयात जा.

थोडे पातळ जुलाब अनेकांना होतात. पाण्यासारखे सतत होत असतील, रक्त असेल, तर स्वतःहून जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका. असे जुलाब कोर्स संपल्यावर दोन महिन्यांपर्यंतही होऊ शकतात, म्हणून तेव्हा डॉक्टरांकडे गेलात तरी हे अँटिबायोटिक घेतल्याचं आठवणीने सांगा.