फ्लॅप जुळत नाही? या चुका टाळा

अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, तेव्हापासून नातेवाईक मला एकच विचारतात, “तुझं कधी उडणार?” मी गॅरेजमध्ये आरव्ही-७ हे घरी बांधायचं छोटं विमान बांधतोय. पंख लागले, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला आतल्या बाजूचे, उतरताना खाली घ्यायचे पट्टे) बसले, स्विच दाबून वर घेतले, तर डाव्या फ्लॅपची मागची कड शेजारच्या एलेरॉनपेक्षा (विमान डावी-उजवीकडे कलवणारा बाहेरचा पट्टा) दोन सूत खाली! हात लगेच पुशरॉडकडे, म्हणजे फ्लॅपला ढकलणाऱ्या दांड्याकडे गेला. चार संध्याकाळी तो फिरवण्यात घालवल्या, आणि दोष निघाला एलेरॉनमध्ये.

एलेरॉन शून्यावर, म्हणजे ना वर ना खाली, आहे की नाही हे नजरेने ठरवू नका. बेलक्रँक (एलेरॉन हलवणारी पंखातली तरफ) जिग म्हणजे साचा लावून मध्यात अडकवा. पंखाच्या टोकाच्या रिबला (पंखाला आकार देणारी आतली आडवी पट्टी) टूलिंग होल्स, म्हणजे कारखान्यातच पाडलेली खुणेची भोकं असतात, त्यांच्या रेषेत सरळ पट्टी मागे न्या. एलेरॉनची मागची कड त्या रेषेवर आली पाहिजे. मग फ्लॅप एलेरॉनला जुळवायचा आणि विंगटिप, म्हणजे पंखाच्या टोकाची टोपी, सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात. फायबरग्लासच्या विंगटिपची कड चिरून पुन्हा चिकटवता येते, पंखाची नाही. फ्लॅपचं आतलं टोक विमानाच्या पोटाशी नेमकं बसत नसेल, तर तेही सोडून द्या. ते फक्त दिसायला खटकतं.

आतल्या टोकाला बरोबर आणि बाहेरच्या टोकाला खाली, असं असेल तर फ्लॅपला पीळ आहे. पुशरॉड आतल्या टोकाला जोडलेला असतो, तो कितीही फिरवला तरी पीळ जात नाही. डिजिटल लेव्हल दोन्ही टोकांच्या रिबवर एकाच जागी ठेवा, आकडे वेगळे दिसतील. टेबल सपाट नसताना रिव्हेट मारले की हे होतं. मग रिव्हेटची एक ओळ ड्रिलने काढायची, फ्लॅप सपाट टेबलावर वजनाखाली दाबायचा आणि पुन्हा रिव्हेट मारायचे. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

दोन्ही फ्लॅप पूर्ण वर गेल्यावर एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक आधी टेकला तर मोटर त्यालाच दाबत बसते आणि दुसरा लोंबत राहतो. मोजताना कड हाताने हलकेच वर ढकलून धरा, हवा तिला तशीच ढकलणार आहे. पुशरॉडची लांबी वाढवली असेल तर रॉड-एंडचे (दांड्याच्या टोकाच्या जोडाचे) आटे आत किती उरले ते पाहा आणि तो सैल होऊ न देणारा जॅम नट विसरू नका.

उड्डाणात एक पंख जड लागला म्हणून दुसऱ्या दिवशी फ्लॅप खालीवर करायला बसू नका. आधी टाक्या बघा, दोन्हीकडे सारखंच इंधन आहे का. आरव्ही-७ च्या प्रत्येक पंखात २१ गॅलन पेट्रोल मावतं, म्हणजे सुमारे ५७ किलो. त्यात तुम्ही एकटेच डावीकडे बसलेले.