नायकाला गोळी बनवू नका: स्वतःचं आजारपण प्रेमकथेत आणताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या प्रेमकथेत नायिकेला पुण्याच्या झेड ब्रिजवर पॅनिक अटॅक येतो. नायक गाडी स्टँडला लावतो, तिचा हात हातात घेतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा श्वास सुरळीत! हे लिहिलं त्या वर्षी मला स्वतःला आठवड्यातून दोनदा अटॅक येत होते. त्या वेळी कुणी हात धरला की झिडकारावासा वाटतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी कागदावर उतरलं ते सिनेमातलं.

सगळ्यात मोठी चूक हीच. प्रेमानं धीर येतो, आजार जात नाही. 'तो आला आणि ती बरी झाली' असं लिहिलंत की आजार खोटा वाटतो आणि नायकाची सलाईनची बाटली होते. कथा तपासायला मी एक युक्ती वापरते. नायकाच्या जागी एखादा चांगला डॉक्टर बसवून पाहते. प्रसंग तसाच चालला, तर ती प्रेमकथा झालेलीच नाही.

अटॅकचा जोर साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो, मग ओसरू लागतो. लिहिण्यासारखं असतं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात. घसा कोरडा, पायात त्राण नाही, आणि 'ओळखीचं कुणी पाहिलं तर नाही ना' ही अस्सल पुणेरी धास्ती. अशाच एका संध्याकाळी एक माणूस अमृततुल्यमध्ये माझ्यासमोर बसला, एकही प्रश्न न विचारता माझा गार झालेला चहा स्वतः प्यायला आणि माझ्यासाठी दुसरा मागवला. पुढे त्याच्याशीच लग्न झालं. अटॅक त्यानंतरही दीड वर्ष येत होते.

दुसरी चूक गोळ्यांच्या वेळापत्रकाची. शुक्रवारी औषध सुरू आणि रविवारी तळजाई टेकडीवर खळखळून हसू, असं होत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला बहुधा २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळ आणि झोपेचं खोबरंही होऊ शकतं. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी कामेच्छा मंदावते, आणि यावर प्रेमकथा लिहिणारे मूग गिळून का बसतात हे मला कळलेलं नाही. 'तुझ्यामुळे नाही रे, गोळीमुळे' एवढं सांगायला नायिकेला तीन रात्री लागल्या, तर त्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं. 'आता तू आहेस ना, गोळ्या कशाला' म्हणत पाकीट कचऱ्यात टाकणारी नायिका मात्र नको. गोळ्या एकदम बंद केल्या की चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होणं असे त्रास होऊ शकतात. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

डायरी जशीच्या तशी उचलू नका. समोरचा माणूस चार पानं नुसतं 'हं' म्हणत असेल, तर तो प्रसंग त्याच्या बाजूनं पुन्हा लिहा. तो बंद दाराबाहेर उभा आहे, आत नळ चालू आहे, हाक मारावी की नाही ते कळत नाही. मी हे करून पाहिलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की माझ्याइतकाच तोही जागत होता.

जखम ओली असताना लिहायला हरकत नाही, पण छापायला पाठवू नका, मग दिवाळी अंकाची मुदत गेली तरी चालेल. लिहून झाल्यावर रात्र रात्र झोप उडत असेल, तर ते प्रकरण बाजूला ठेवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर कथा राहू दे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास, मोफत.

आणि दुसऱ्याचं गुपित. एका कथेत मी नवऱ्याचं एक वाक्य वापरलं. नाव बदललं, सदाशिवची नारायण पेठ केली. अंक आल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन: "अगं, तो खरंच असं म्हणाला?" नवरा आठवडाभर माझ्याशी जेवणापुरतंच बोलला. तेव्हापासून कच्चा खर्डा आधी त्याच्याकडे जातो. परवाच्या कथेतली एक ओळ त्यानं लाल पेनानं खोडली. कथेतली सगळ्यात चांगली ओळ होती ती, आजही माझं तेच मत आहे. कथा तिच्याविना छापून आली.