कांद्याच्या गुणसूत्रांवरचे पट्टे: इंदूरच्या हवेत सी-बँडिंग कसे जमवावे

पुनरावर्ती डीएनए म्हणजे एकच मजकूर हजारो वेळा ओळीने आलेला. गुणसूत्रांवर तो गडद पट्ट्यांच्या रूपात रंगवून दाखवण्याची पद्धत म्हणजे सी-बँडिंग. तो असा डोळ्यांनी पाहायचा तर कांद्यासारखे सोयीचे झाड नाही. गुणसूत्रे फक्त १६ आणि भरपूर मोठी. जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट, आणि त्याचा बहुतेक भाग पुनरावृत्तीचाच.

चोइथराम मंडीत वैशाखात येणारा ताजा रब्बी कांदा घेऊ नका. तो सुप्तावस्थेत असतो, मुळे धरत नाही. दोन-तीन महिने साठवलेला घ्या. बुडाची वाळकी मुळे खरवडून फक्त चकती पाण्याला टेकेल असा ग्लासावर बसवा. नर्मदेच्या नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. मुळे दीड-दोन सेंटिमीटर झाली की सकाळी टोके कापून २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे पेशींचे विभाजन मध्येच थांबून गुणसूत्रे सुटी दिसतील. कोल्चिसीनही चालते, पण ते विषारी आहे. विद्यार्थ्यांसाठी बर्फच बरा. मग ३ भाग इथेनॉल आणि १ भाग ग्लेशियल अॅसिटिक अॅसिडमध्ये २४ तास.

इथे सवयीने होणारी चूक म्हणजे टोके गरम हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये मऊ करणे आणि अॅसिटोकार्मिन हा रंग लावणे. त्या अॅसिडात डीएनए आधीच तुटतो. पुढे पट्टे उमटायला काही उरत नाही. ४५ टक्के अॅसिटिक अॅसिडमध्येच मऊ करा, रंग न लावता स्लाइडवर कव्हरस्लिपखाली दाबा, कोरड्या बर्फावर गोठवून कव्हरस्लिप ब्लेडने उडवा. शुद्ध अल्कोहोलमध्ये धुऊन स्लाइड किमान एक दिवस वाळवा. पावसाळ्यात उघड्यावर वाळत नाही; सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा.

आता बेरियम हायड्रॉक्साइड. सगळा खेळ इथे आहे. उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात संपृक्त द्रावण करा आणि लगेच गाळा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यावर बेरियम कार्बोनेटची साय धरते, आणि तेच पांढरे कण स्लाइडवर बसून सगळे झाकतात. हे द्रावण विषारी आहे, हातमोजे हवेतच. पुस्तकात लिहिलेले असते, ‘खोलीच्या तापमानाला ५ ते १० मिनिटे’. पण इंदुरात खोलीचे तापमान जानेवारीत एक आणि मेमध्ये दुसरेच. ४० अंशांना हे रसायन २० अंशांच्या तुलनेत सुमारे दुप्पट विरघळते, शिवाय उष्णतेने क्रियाही वेगाने होते. म्हणून वॉटर बाथ २५ अंशांवर ठेवा आणि ४, ६, ८, १० मिनिटांच्या चार स्लाइड करा. एकच स्लाइड करून नशीब आजमावण्यात अर्थ नाही.

नीट धुऊन २×एसएससी या मीठ-सायट्रेटच्या द्रावणात ६० अंशांना एक तास ठेवा. एक लिटरला मीठ १७.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट ८.८ ग्रॅम, पीएच ७. शेवटी ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ३ टक्के गीम्सा हा रंग. १० मिनिटांनंतर अधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा.

गुणसूत्र सगळे सारखेच जांभळे दिसले, तर बेरियम कमी पडले. फिकट, फुगलेली, भुतासारखी आकृती दिसली, तर जास्त झाले. बेरियम आणि एसएससीमध्ये सैल भागातला डीएनए बराचसा निघून जातो. पुनरावृत्तीचा घट्ट बांधलेला हेटरोक्रोमॅटिन टिकतो आणि रंग धरतो.

बरोबर जमले की गडद ठिपके मुख्यतः गुणसूत्रांच्या टोकांना दिसतात. तिथे सुमारे ३७५ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. त्याला टेलोमियर, म्हणजे गुणसूत्राच्या अगदी शेवटचे संरक्षक टोक, समजू नका. बहुतेक वनस्पतींतला ‘टीटीटीएजीजीजी’ हा टेलोमियर कांद्यात नाहीच. त्याच्या जागी असलेला बारा अक्षरी क्रम २०१६ मध्ये कळला. तो या पट्ट्यांत वेगळा ओळखता येत नाही.

विभाजन न होणारी केंद्रकेही टाकून देऊ नका. त्यांत हे ठिपके पुष्कळदा एकाच बाजूला गोळा झालेले असतात. सेंट्रोमियर, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथे धरून ओढले जाते ते भाग, समोरच्या बाजूला असतात. मागच्या विभाजनात गुणसूत्रे ज्या दिशेने ओढली गेली, तीच मांडणी केंद्रकात तशीच राहिलेली असते.