सिंगापूर बोटॅनिक गार्डन्समधील वर्षावन आणि वन्यजीव पाहण्यासाठी एक सकाळ

सिंगापूरच्या सहलीत बोटॅनिक गार्डन्सच्या वाट्याला बहुतेक वेळा दुपारचे दोन तास येतात आणि ते ऑर्किडच्या ताटव्यांसमोर फोटो काढण्यात संपून जातात. ऑर्किड सुंदर आहेत यात शंका नाही. पण या बागेची खरी दौलत म्हणजे बाग आखली जाण्याच्या कितीतरी आधीपासून उभे असलेले सुमारे सहा हेक्टरांचे वर्षावन, त्याच्या शेजारी अलीकडे लावलेले स्थानिक झाडांचे रान आणि या दोन्हींच्या आधाराने शहरात नांदणारे पशुपक्षी. हे सारे पाहायचे असेल तर कोणत्या वेळी जायचे, कोणत्या दरवाजाने आत शिरायचे आणि कोणत्या क्रमाने चालायचे, हे घरूनच ठरवून निघावे.

बाग रोज पहाटे पाच ते मध्यरात्रीपर्यंत उघडी असते आणि ऑर्किडचा विभाग सोडल्यास प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सिंगापुरात सूर्य सकाळी सातच्या आसपास उगवतो, म्हणून पावणेसातला दरवाजाशी असणे सर्वांत चांगले. साडेदहानंतर उकाडा इतका वाढतो की पक्षी सावलीत गप्प बसतात आणि माणसालाही दुसरे काही सुचत नाही. विषुववृत्ताला अगदी लागून असल्यामुळे तेथे आपल्यासारखा कोरडा उन्हाळा नाही; पाऊस बाराही महिने येतो, डिसेंबरात तो सर्वाधिक असतो आणि गडगडाटी सरी बहुधा दुपारी कोसळतात. मी पहिल्यांदा आईला घेऊन भर दुपारी एक वाजता गेलो होतो. पाऊण तासातच आभाळ भरून आले आणि उरलेला सगळा वेळ आम्ही एका छपराखाली उभे राहून काढला. विजा चमकू लागल्यावर मोठ्या झाडाखाली थांबू नये, ही आपल्याकडची शिकवण तेथे काटेकोरपणे पाळावी, कारण त्या भागात विजांचे प्रमाण फार मोठे आहे.

सोबत छत्री, पाण्याची बाटली, दुर्बीण आणि डासांना दूर ठेवणारे मलम असावे. सिंगापुरात नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे बाटली पुन्हा भरून घेता येते. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती सदरा बरा. चप्पल घालून जाऊ नये. वर्षावनातील लाकडी वाट पावसानंतर शेवाळल्यासारखी निसरडी होते आणि बरोबर ज्येष्ठ माणसे असतील तर पकड चांगली असलेले बूट हवेतच.

आता दरवाजाविषयी. ८२ हेक्टरांची ही बाग दक्षिणोत्तर लांबट पसरलेली आहे. दक्षिण टोकाला टँगलिन गेट असून त्याला नेपियर हे मेट्रो स्थानक जवळ आहे, तर उत्तर टोकाला बुकित तिमाह गेट असून तेथे बोटॅनिक गार्डन्स याच नावाचे स्थानक आहे. ज्या दरवाजाने गेलो त्याच दरवाजाने परतण्याचा हट्ट धरल्यास दुप्पट चालावे लागते. त्यापेक्षा दक्षिणेकडून शिरून उत्तरेकडून बाहेर पडावे. सकाळच्या गारव्यात पाणथळ जागा आणि रान, ऊन चढल्यावर ऑर्किड, असा क्रम त्यामुळे आपोआप साधतो.

टँगलिन गेटहून थोडे चालले की स्वान लेक लागते. १८६६ साली केलेले हे तळे सिंगापुरातील सर्वांत जुने शोभेचे तळे मानले जाते. त्यातील पांढरे हंस बाहेरून आणलेले आहेत, त्यामुळे नजर त्यांच्यावर न ठेवता काठच्या गवतावर ठेवावी. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी येथे हमखास दिसते. आपल्याकडे भाताच्या बांधावर चाहूल लागताच दडणारा हा पक्षी तेथे माणसाला इतका सरावला आहे की, काळ्या कापसाच्या गोळ्यांसारखी चार पिल्ले आईच्या मागे एकेक करून वाट ओलांडताना मी दोन हातांवरून पाहिली. शेवटचे पिल्लू अडखळले तेव्हा आई वळून तेथेच थांबली. ऊन अंगावर घेत पडलेली घोरपडही अशाच ठिकाणी भेटते. तिला वाट द्यावी, ती आपल्या वाटेने जाते. नशीब चांगले असेल तर पाणमांजरांचा कळप दिसतो. गोव्यातील खारफुटीत राहणारी पाणमांजरे आणि ही पाणमांजरे एकाच जातीची आहेत. सिंगापुरातून ती एके काळी दिसेनाशी झाली होती. जलमार्ग स्वच्छ झाल्यावर ती परत आली. पिल्ले सोबत असताना मात्र पाणमांजरे आक्रमक होतात आणि याच बागेत त्यांनी माणसाला चावा घेतल्याचा प्रसंग घडलेला आहे, म्हणून फोटोसाठी जवळ जाऊ नये.

तळ्यावरून पश्चिमेकडे लर्निंग फॉरेस्ट या भागात जावे. हा विभाग २०१७ साली खुला झाला. मूळ वर्षावनाचा तुकडा फार लहान असल्यामुळे त्याच्या कडांना वारा आणि ऊन लागून आतली झाडे दुबळी होतात. त्या कडांना कवच मिळावे या विचाराने बाजूला स्थानिक झाडांचे हे नवे रान उभे करण्यात आले. त्यातील केपेल डिस्कव्हरी वेटलँड्स येथे गोड्या पाण्याचे दलदली जंगल पुन्हा वसवण्याचा प्रयत्न झाला आहे, कारण १८६० च्या दशकात त्या जागी तसेच जंगल होते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात रानजायफळाची राई पाहिलेल्या वाचकाला येथील झाडांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे ओळखीची वाटतील. जमिनीपासून आठ मीटर उंचीवरून जाणारी वॉक ऑफ जायंट्स ही वाट पुढे उंच वाढणाऱ्या जातींमधून जाते. तेथील बरीचशी झाडे अजून तरुण आहेत आणि पन्नास वर्षांनी ती या वाटेच्या कितीतरी वर पोहोचलेली असतील, हे लक्षात ठेवून ती पाहावी.

परत मुख्य बागेत येताना टेम्बुसूचे जुने झाड चुकवू नये. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूस जे झाड छापले आहे ते हेच. नोट हातात धरून जमिनीला समांतर गेलेली त्याची खालची फांदी ताडून पाहावी. मुलांना ही गोष्ट फार आवडते. लोक पिढ्यान्पिढ्या त्या फांदीवर बसत आले, त्यामुळे आता झाडाभोवती कुंपण आहे आणि ते योग्यच आहे. टेम्बुसू मूळचे याच भागातले असून हे झाड १८५९ साली बाग सुरू झाली त्याच्याही आधीपासून तेथे उभे आहे असे मानतात.

आता वर्षावन. येथे किमान एक तास राखून ठेवावा, आणि खरे सांगायचे तर या सकाळीतून बाकी सगळे वगळले तरी हा तास वगळू नये. आपल्याकडच्या देवरायांशी याचे जवळचे नाते आहे: भोवतालचे सगळे रान मसाल्याच्या आणि इतर लागवडीसाठी तुटले, आणि एवढा तुकडा बागेच्या हद्दीत आल्यामुळे वाचला. आत शिरताच उजेड एकदम कमी होतो आणि डोळे सरावेपर्यंत सगळे हिरवे सारखेच दिसते. घाईने चालत गेल्यास दहा मिनिटांत वाट संपते आणि काहीच न पाहिल्यासारखे वाटते. म्हणून एका जागी उभे राहून आधी जमीन, मग मधला थर आणि शेवटी शेंडे, असे क्रमाने पाहावे.

जमिनीवर पडलेल्या पानांचा थर आश्चर्य वाटावे इतका पातळ असतो, कारण सततच्या ओल्या उष्म्यात पाने लवकर कुजतात आणि त्यातले अन्न मुळे लगेच ओढून घेतात. अन्न मातीच्या वरच्या थरातच असल्यामुळे मोठ्या झाडांची मुळे खोल न जाता बुंध्याशी भिंतीसारखी आधारमुळे पसरतात; एखाद्या आधारमुळाशेजारी उभे राहून पाहिले तर ते छातीपर्यंत येते. मधल्या थरात वेताचे आकडेदार वेल दिसतात आणि पानांची टोके लांब, निमुळती दिसतात, ज्यावरून पाणी चटकन निथळून जाते. मान वर केली की जेलुटोंगचा सरळसोट बुंधा आणि सेरायाचा फुलकोबीसारखा शेंडा दिसतो. जेलुटोंगचा चीक एके काळी च्युइंगमसाठी वापरला जाई. सेराया हा आपल्या सालवृक्षाच्या कुळातला. या कुळातील बरीच झाडे दरवर्षी फुलत नाहीत, तर काही वर्षांच्या अंतराने अनेक जाती एकाच हंगामात बहरतात आणि मग पंखांची फळे भिंगरीसारखी गरगरत खाली येतात. असे फळ वाटेवर मिळाले तर तळहातावर घेऊन त्याचे पंख मोजावेत आणि तेथेच ठेवून द्यावे.

वर कर्कश, कोंबडी ओरडल्यासारखा आवाज आला तर थांबावे, कारण तो धनेश असण्याची शक्यता आहे. कोकण आणि गोव्यात दिसणाऱ्या मलबारी कवड्या धनेशाचा हा भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात तो सिंगापूरच्या मुख्य बेटावरून नाहीसा झाला होता. १९९४ साली पुलाऊ उबिन या शेजारच्या बेटावर एक जोडी दिसली आणि पुढे तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी कृत्रिम घरटी टांगली. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिला नर एका फटीतून अन्न भरवतो. त्यासाठी मोठी ढोली लागते आणि तशी जुनी झाडे शहरात फारशी उरलेली नव्हती, हे त्या घरट्यांमागचे कारण. आता हा पक्षी बागेतही येतो.

नॅशनल ऑर्किड गार्डन सकाळी साडेआठला उघडते आणि त्याला तिकीट आहे. परदेशी पाहुण्यांसाठी ते स्थानिकांपेक्षा महाग असते, बारा वर्षांखालील मुलांना मोफत. रंगीत संकरित ऑर्किड सगळेच पाहतात; आपण मूळ सिंगापूरच्या ऑर्किडांबद्दल विचारावे. देशात सव्वादोनशेच्या आसपास स्थानिक ऑर्किडांची नोंद आहे आणि त्यांतील बहुसंख्य जंगलातून नामशेष झाले. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अन्नाचा साठा नसतो आणि निसर्गात ते बुरशीच्या मदतीनेच रुजते. म्हणून येथील प्रयोगशाळेत ते बाटलीतील पोषक आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, रुजवतात, रोपे वाढवतात आणि मग रस्त्याकडेच्या झाडांवर नेऊन बांधतात. टायगर ऑर्किड हा जगातील सर्वांत मोठा ऑर्किड याच पद्धतीने पुन्हा शहरात आणला गेला, आणि बागेत १८६१ साली लावलेले त्याचे एक झुडूप अजून जिवंत आहे. शेजारच्या जिंजर गार्डनला तिकीट नाही. सोनटक्का, हळद आणि वेलचीच्या कुळातील गोतावळा एकत्र पाहायला मिळतो, म्हणून मराठी माणसाने तेथे अवश्य जावे.

काही पथ्ये आहेत. २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार सिंगापुरात वन्यप्राण्यांना खाऊ घालणे गुन्हा आहे, मग ते पोळीचे तुकडे असोत की शेंगदाणे. फूल, फळ, बी काहीही उचलून पिशवीत घालू नये. भारतात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोपे व बियाणे आणता येत नाहीत, आणि बाहेरून आलेल्या किडीने आपल्याच बागायतींचे नुकसान होऊ शकते.

अकराच्या सुमारास बुकित तिमाह गेटपाशी पोहोचता येते. मुले बरोबर असतील तर तेथील जेकब बॅलास चिल्ड्रन्स गार्डन सोमवार सोडून उघडे असते; मोठ्या माणसाला मुलाशिवाय आत सोडत नाहीत. पाय थकले नसतील आणि टेम्बुसूच्या फुलांचा हंगाम असेल, तर संध्याकाळी सातनंतर पुन्हा एकदा टँगलिन बाजूने यावे. त्याची दुधी रंगाची फुले अंधार पडल्यावर जास्त दरवळतात आणि तो वास झाड दिसण्याच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचतो.