सिम्युलेटरमधलं विमान कसं जुळवावं: आधी वजन, रंग नंतर

नवीन विमान हाती आलं की बहुतेकजण आधी त्याचा रंग बदलतात. हौस म्हणून ठीक, पण उडण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. फ्लाइटगिअर हा संगणकावर विमान उडवायचा सिम्युलेटर फुकट मिळतो. त्यातलं सेस्ना १७२पी घेऊन शिका.

विमानाचं फोल्डर कॉपी करून दुसरीकडं ठेवा आणि लाँचरच्या 'ॲड-ऑन्स'मध्ये ती जागा दाखवा. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. कॉपीचं नावही तेच असू द्या, कारण आतल्या फाइलींमध्ये त्याच नावाचे पत्ते असतात.

आता जेएसबीसिमची, म्हणजे विमान कसं उडेल याचं गणित करणाऱ्या भागाची, एक्सएमएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि 'मास बॅलन्स' शोधा. रिकामं वजन पौंडांत, गुरुत्वमध्य इंचांत. एक्सचा, म्हणजे नाक-शेपूट दिशेचा, आकडा वाढला की गुरुत्वमध्य शेपटीकडं सरकतो. उसाची ट्रॉली मागं जादा भरली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, तसंच इथं: नाक हलकं होतं आणि विमान धड सरळ राहत नाही. पायलट, प्रवासी, सामान यांची वजनं वेगळी लिहिलेली असतात, तीही बघा. एका वेळी एकच आकडा बदला, विमान पुन्हा सुरू करा, उडवून बघा.

चाकं जमिनीत रुतलेली दिसली तर त्याच फाइलीतल्या 'ग्राउंड रिॲक्शन्स'मधली चाकांची जागा तपासा. गोंधळ बहुधा एककांचा असतो: इथं इंच, तर दिसणाऱ्या मॉडेलची सरकवासरकव मीटरमध्ये. उभं विमान उड्या मारत असेल तर तिथलंच डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे जिरवणारा आकडा, वाढवा.

चाचणी आधी समुद्रसपाटीला घ्या, मुंबईच्या जुहू विमानतळावर. हवा १५ अंश आणि एकूण वजन २,४०० पौंड ठेवलं, तर खऱ्या विमानाच्या हँडबुकप्रमाणं मिनिटाला सुमारे ७०० फूट चढाई मिळायला हवी. ती जुळली की कराडला या. कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली ही धावपट्टी जवळपास १,२८० मीटर लांब आणि साधारण १,९०० फूट उंचीवर आहे. नावानं सापडली नाही तर १७.२८५ उत्तर, ७४.१५८ पूर्व द्या.

तापमान ४० अंश करा. आता इंजिनाला हवा सुमारे पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ लागते. विमान जास्त धावेल, चढाई चांगलीच मंदावेल. जुहूसारखंच झपाट्यानं चढलं, तर आधी हवामानाची सेटिंग खरंच लागू झाली का ते पाहा, मग इंजिनाची फाइल उघडा.